ड्राय की वेट: उतार आणि कॉलम, दोन्हींचं उत्तर वेगळं आहे

तुमचा प्रश्न असा आहे: भांडुपला सोसायटीच्या मागे टेकडी कापून केलेला ६०० चौरस मीटरचा उतार आहे, त्यावर वेल्डमेश (लोखंडी जाळी) लावून ७५ मिमी काँक्रीटचा थर फवारून मारायचा आहे. शिवाय पार्किंगमधल्या १२ कॉलमच्या सळ्या गंजल्यात. कंत्राटदार सगळं ड्राय गनायटिंगने, म्हणजे कोरडा माल हवेने ढकलून, करू म्हणतो, सल्लागार वेट, म्हणजे पाण्यासह कालवलेलं काँक्रीट पंपाने फवारून, म्हणतो, आणि मजबुती कशात जास्त हे तुम्हाला हवंय.

मजबुतीवरून निवड करू नका. नीट मारलं तर दोन्हींत चांगली येते. काम सलग आहे की तुटक, आणि पाण्याचं प्रमाण कोणाच्या हातात आहे, हे बघा.

ड्रायमध्ये सिमेंट-रेती होजमधून कोरडीच येते आणि पाणी नोझलवरच्या रिंगमध्ये मिसळतं. म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण नोझलमनच्या (फवारणाऱ्या कामगाराच्या) मनगटात. पाणी बरोबर असेल तर पृष्ठभागावर ओलसर चमक दिसते. कोरडे, वाळूसारखे पट्टे दिसले तर पाणी कमी. थर ओघळला तर जास्त. रिंगची दोन भोकं बुजली तरी एका बाजूला कोरडी पट्टी राहते, म्हणून रिंग रोज काढून साफ करायची. पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा किमान १ बार जास्त हवा.

रेतीत ३ ते ६ टक्के ओलावा असावा. त्याहून कमी असेल तर धूळ उडते आणि सिमेंट वेगळं होतं, जास्त असेल तर मशीन आणि होज चोक होतात. पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री घालूनच काम करा. ओलसर रेतीत सिमेंट मिसळलं की पाऊण तासात वापरायचं, उरलेलं टाकून द्यायचं. खाडीची रेती अजिबात नको, मिठाने नव्या सळ्याही गंजतील.

खरा फरक रिबाउंडचा, म्हणजे आदळून उडून पडणाऱ्या मालाचा. उभ्या पृष्ठभागावर ड्रायमध्ये २५ टक्के माल खाली पडणं नेहमीचं, वेटमध्ये १० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या ४५ घनमीटर थरासाठी ड्रायला ६० घनमीटर माल मारावा लागेल, वेटला ५०. पैशापेक्षाही मोठी गोष्ट अशी की उडून पडते ती मुख्यतः रेती आणि खडी. भिंतीवर उरतं ते सिमेंट जास्त असलेलं मिश्रण, आणि ते जास्त आकसतं, म्हणून केसासारख्या चिरा पडतात. पडलेला माल घमेल्यात भरून परत मशीनमध्ये टाकताना कोणी दिसला तर काम तिथेच थांबवा.

उतारासाठी मी वेट घेईन, सल्लागार बरोबर आहेत. १० मिमी खडी, घनमीटरला ४०० ते ४५० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट ०.४५ च्या आत, प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) स्लंप, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, १५० ते २०० मिमी. अडचण मुंबईच्या रस्त्यांची आहे. अवजड वाहनांच्या वेळा सांभाळत ट्रान्झिट मिक्सर पोचेपर्यंत स्लंप उतरतो, मग ड्रायव्हर पाणी ओततो आणि तो माल उतारावर टिकत नाही. आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटला सेटिंग लांबवणारं अ‍ॅडमिक्श्चर (रसायन) घालायला सांगा. एवढा वेळ लांबवलेलं काँक्रीट उभ्यावर धरायला नोझलवर अल्कली-फ्री अ‍ॅक्सिलरेटर (लवकर घट्ट करणारं रसायन) लागतो. डोस ट्रायल पॅनलवर (चाचणीसाठी फवारलेल्या फळीवर) ठरवा, अंदाजाने वाढवू नका, नंतरची मजबुती घटते. पंपाची लाइन आधी सिमेंट स्लरीने ओली करा, नाहीतर पहिलंच काँक्रीट रिड्युसरपाशी (पाइप अरुंद होतो तिथे) अडकतं. गल्लीत मिक्सर शिरतच नसेल तर लाइन लांबवा किंवा जागेवर मिलर (छोटा मिक्सर) लावा.

कॉलमचं मात्र उलट. सगळे मिळून माल जेमतेम २ घनमीटर, तोही टेकू लावत एकेक कॉलम. ५० मिमीच्या ६० मीटर लाइनमध्येच १२० लिटर काँक्रीट राहतं. दर थांब्याला ते फेकून लाइन धुवायची का? इथे ड्रायच. सळईच्या मागचं काँक्रीट २० ते २५ मिमी खोल फोडा, गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत काढा, पृष्ठभाग आतून ओला पण वरून पाणी न दिसणारा ठेवा. नोझल १ ते १.५ मीटरवर, काटकोनात. सळ्यांपाशी जरा जवळ आणि किंचित तिरका, म्हणजे मागची जागा भरते. शेजारी ब्लो पाइपवाला (हवेच्या पाइपने माल उडवणारा) हवाच. त्याने रिबाउंड उडवला नाही तर सळईमागे रेतीचा कप्पा राहतो आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. क्युरिंग किमान ७ दिवस, ओल्या गोणपाटाने.

दोन्हीकडे त्याच नोझलमनकडून आधी पॅनल मारून घ्या, तोही उभा आणि त्याच सळ्या बांधून. कोअर (ड्रिलने काढलेला गोल नमुना) काढून फोडून बघा, सळईमागे पोकळी दिसली तर माणूस बदला. आयएस ४५६ नुसार ३ कोअरची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या क्यूब मजबुतीच्या ८५ टक्क्यांखाली नको, एकही ७५ च्या खाली नको. हे कंत्राटात लिहून घ्या.

उतारावर वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं) विसरू नका. बेसॉल्टच्या भेगांतून पावसाळ्यात पाणी येतं आणि थरामागे दाब साचतो. पाइप आधी बसवा, फवारताना तोंडात गोणपाट कोंबा आणि त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी ते निघत नाही.