सायनाइड, डीएनपी आणि पेशीतील ऊर्जा

प्रश्न : सायनाइड आणि डायनायट्रोफिनॉल, म्हणजेच डीएनपी, ही दोन्ही विषे एटीपीची, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरतात त्या रेणूची, निर्मिती बंद पाडतात, असे आमच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात आहे. मग सायनाइडने ऑक्सिजनचा वापर थांबतो आणि डीएनपीने तो उलट वाढतो, हे कसे? डीएनपी पूर्वी वजन उतरवण्यासाठी देत असत, हे खरे का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जाघराच्या) आतल्या पटलातील प्रथिनसंकुलांच्या साखळीतून सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या वाटेवर सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, ते एटीपी सिंथेज या प्रथिनामधून परत येताना एटीपी तयार होते. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये हे मांडले, तेव्हा अनेक जाणकारांच्या ते पचनी पडले नव्हते. 1978 मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळाले.

सायनाइड या साखळीच्या शेवटच्या संकुलातील, सायटोक्रोम ऑक्सिडेजमधील, लोहाला चिकटते. त्यामुळे मागचे सारे इलेक्ट्रॉन तुंबतात आणि रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. रोटेनोन हे दुसरे विष साखळीतील पहिल्या संकुलाला अडवते, अँटिमायसिन हे तिसऱ्याला. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायूही सायटोक्रोम ऑक्सिडेजलाच बाधतो आणि त्यावर नेमका उतारा नाही, हे विदर्भातल्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

डीएनपी साखळीला हात लावत नाही. ते प्रोटॉन स्वतःबरोबर घेऊन पटल ओलांडते व आत सोडते. एरवी पलीकडे साठलेले प्रोटॉन साखळीचा वेग रोखून धरतात; तो साठाच टिकत नसल्याने हा अटकाव जातो, ऑक्सिजन भराभर खर्च होतो आणि ऊर्जा एटीपीत न जाता उष्णता होऊन निघून जाते. (तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत थर्मोजेनिन हे प्रथिन अशीच ऊब निर्माण करते, पण शरीराच्या ताब्यात राहून.)

पाठांतरापेक्षा एक आलेख स्वतः काढून पाहावा, असे मी सुचवीन. तंतुकणिकांच्या द्रावणातील ऑक्सिजन मोजत असताना त्यात ओलिगोमायसिन टाकले, तर एटीपी सिंथेजची वाट बुजते आणि ऑक्सिजनची उतरती रेषा जवळजवळ सपाट होते. मग डीएनपी टाकताच ती पुन्हा झपाट्याने खाली येते. सायनाइडने सपाट झालेली रेषा मात्र डीएनपी टाकूनही हलत नाही, कारण तिथे साखळीच तुटलेली असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डीएनपीच्या पिवळ्या भुकटीत काम करणारे कामगार घामाने निथळत, वाळत, आणि काही दगावले. तरीही 1933 पासून अमेरिकेत ती वजन उतरवण्यासाठी सर्रास घेतली जाऊ लागली; मोतीबिंदू आणि मृत्यू समोर आल्यावर 1938 मध्ये तिचा हा वापर बंद झाला. चोरून विक्री आजही चालते. या विषाने चढलेला ताप मेंदूने ठरवलेला नसून स्नायूंसह सर्व पेशींत पेटलेला असतो, म्हणून पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर शरीराला ती उष्णता बाहेर टाकायलाही जागा उरत नाही.