लॅबच्या बाहेरही एक गाव आहे

अगं,

परवा फोनवर म्हणालीस ना, अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन वर्ष होत आलं तरी युनिव्हर्सिटी सोडून गावातलं एक माणूस ओळखीचं नाही, नुसती लॅब, रूम आणि शनिवारी इंडियन ग्रोसरी, ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. या उन्हाळ्यात सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलच्या धाकट्या भावंडाच्या, लीगमध्ये नाव दे. हसू नकोस, सिरियसली सांगतेय.

मी 80 च्या दशकात तिथे शिकत होते तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळी गाव मैदानावरच भेटायचं. वेटरन्स पार्क, ऑलमेंडिंगर पार्क, कुठेही जा, कुणीतरी खेळत असायचंच. ॲन आर्बर ईस्टर्न टाइम झोनच्या पार पश्चिमेकडे, त्यामुळे जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणजे लॅबमधून साडेसहाला निघालं तरी अख्खी मॅच व्हायची आणि वर गप्पाही. टीशर्टवर कुठल्या तरी हार्डवेअरच्या दुकानाचं नाहीतर बारचं नाव, कारण पैसे त्यांचे. आमच्यात पोस्टातला एकजण होता, हॉस्पिटलची नर्स होती, केमिस्ट्रीचे एक प्रोफेसर होते आणि प्रोफेसरांनी कॅच सोडला की पोस्टवाला त्यांना सगळ्यांसमोर झापायचा आणि ते निमूट ऐकायचे. पुण्यात सरांसमोर खुर्चीत बसायलाही बिचकणारी मी, मला ते बघून किती मोकळं वाटलं काय सांगू. त्याच नर्सने पुढे थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं, लीज वाचून दाखवलं, गाडी बर्फात अडकली तेव्हा नवऱ्याला पाठवलं. 1984 ला डेट्रॉइटची बेसबॉल टीम टायगर्स वर्ल्ड सिरीज जिंकली त्या वर्षी तर गावात दुसरा विषयच नव्हता, टीमचे मालक डॉमिनोज पिझ्झाचे टॉम मोनाहन, आणि डॉमिनोज सुरू झालं शेजारच्या इप्सिलँटीत, म्हणजे सगळं घरचंच.

हा खेळ मुळात हौशी लोकांचाच आहे. 1887 मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबात काही तरुण हार्वर्ड-येल युनिव्हर्सिटींच्या फुटबॉल मॅचच्या रिझल्टची वाट बघत बसले होते, कुणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने काठीने टोलवला, तिथून सुरुवात. मग 1933 ला शिकागोच्याच वर्ल्ड फेअरमध्ये मोठी टूर्नामेंट झाली आणि खेळ देशभर पसरला. तुझ्या युनिव्हर्सिटीचंही बघ, लाखभर लोक मावतात ते फुटबॉल स्टेडियम 1927 चं, आणि लगेच 1928 ला हूवर स्ट्रीटवर इंट्राम्युरल (म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या युनिव्हर्सिटीत खेळायच्या मॅचेसची) बिल्डिंग बांधली, ज्यांना मोठ्या टीममध्ये कुणी कधी घेणार नाही अशा साध्या पोरांना खेळता यावं म्हणून. मला विचारशील तर त्या कॅम्पसवरची सगळ्यात शहाणपणाची बिल्डिंग तीच.

खेळता येत नाही ही सबब चालणार नाही. जळगाव-अमरावतीकडच्या मुली शाळेत खेळतात तो फास्टपिच, त्यात बॉल जोरात येतो, तो अवघड. तू स्लोपिच घे, त्यात बॉल अंडरआर्म, वर कमान घेऊन निवांत येतो, घेर 11-12 इंच, दिसतो तरी. एका बाजूला 10 जण, बेस, म्हणजे पळत गाठायचे टप्पे, साधारण 65 फुटांवर, बेसबॉलसारखे 90 वर नाहीत. गल्लीत भावांबरोबर क्रिकेट खेळली आहेस, तेवढं भांडवल पुरे. फक्त दोन सवयी सोडाव्या लागतील, एक म्हणजे बॅट हातात घेऊन पळायचं नाही, मारला की खाली टाकायची (भिरकावायची नाही, मागे बॉल झेलणारा कॅचर असतो) आणि पळायचं, इथे मारून उभं राहायची सोय नाही. दुसरं, लेट कट वगैरे विसर, मागे गेलेला बॉल फाऊल, त्यावर पळता येत नाही. आणि कॅच डाव्या हातातल्या ग्लोव्हने घे, उजवा हात फेकायला मोकळा हवा.

एक मात्र ऐक, सगळ्या देसी मुलांची वेगळी टीम काढू नका. मंडळाचा गणपती आहे, दिवाळी आहे, तिथे भेटताच की. इथे अनोळखी लोकांत जा, हरणाऱ्या टीममध्ये गेलीस तरी चालेल, पण दर आठवड्याला जा, पेपरची डेडलाइन असली तरी जा, कारण नऊच जण आले तर बाकीच्यांची पंचाईत होते आणि तू आलीस की त्यांना खरंच बरं वाटतं. मॅच संपली की लगेच बस पकडू नकोस, थांब थोडी.

सिटीच्या रिक्रिएशन ऑफिसला फोन करून विचार, टीम नसलेल्यांना कुठे घेतात ते. ग्लोव्ह नवा घेऊ नकोस, सेकंडहँड घे, वापरून मऊ झालेला असतो. आणि कुठल्या टीममध्ये घेतलं ते कळव.

तुझी मावशी