भजनाचं रेकॉर्डिंग मित्रांना पाठवायचं कसं?

प्रश्न : आम्ही भजनी मंडळातले चौघं मित्र. एकाने गाण्यांच्या अ‍ॅपचे पैसे भरलेत, त्यात अभंग डाउनलोड केलेत पण आम्हाला पाठवताच येत नाहीत. आणि आमचंच भजन रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं की पखवाजाचा घुमारा गायब. आधी शेअरइटने काम व्हायचं, आता काय वापरायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : अ‍ॅपमधलं आधी सांगतो. तिथे डाउनलोड लिहिलेलं असलं तरी ती फाइल कुलूपबंद असते, त्याच अ‍ॅपमध्ये वाजणार आणि सबस्क्रिप्शन संपलं की तीही बंद, तेव्हा फोल्डर धुंडाळत बसू नका. लिंक पाठवा. स्पॉटिफायवर सामायिक प्लेलिस्ट करता येते, चौघंही त्यात भर घालू शकता, पैसे न भरणारेसुद्धा, फक्त त्यांना जाहिराती ऐकाव्या लागतात.

तुमचं स्वतःचं भजन मात्र माझ्या मते जास्त मोलाचं आहे, ते नीट जपा. बहुतेक तुम्ही चॅटमधलं माइकचं बटण दाबून रेकॉर्ड करताय. ती सोय बोलण्यासाठी आहे, फाइल अगदी लहान करून टाकते, मग धुमेचा (पखवाजाच्या डाव्या बाजूचा) आवाज आणि टाळांची किणकिण दोन्ही जातात. त्यापेक्षा फोनमधलं रेकॉर्डर अ‍ॅप उघडा, क्वालिटी हाय ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे आहे तशी जाते. १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट या दर्जाला) तासाभराचं भजन साधारण ५८ एमबी होतं आणि डॉक्युमेंटची मर्यादा २ जीबी आहे, म्हणजे रात्रभराचा जागर पण आरामात मावतो.

शेअरइट, झेंडर ही अ‍ॅप्स जून २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ५९ अ‍ॅप्सच्या यादीत होती, ती आता कुठून तरी मिळवून टाकू नका, उगाच फोनला धोका. अँड्रॉइडमध्ये जवळच्या फोनवर फाइल पाठवायला क्विक शेअर असतंच, २०२४ पर्यंत त्याला निअरबाय शेअर म्हणायचे. ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू ठेवा, नेट नसलं तरी चालतं, ब्लूटूथने नुसता समोरचा फोन शोधायचा आणि फाइल वायफायवरून जाते म्हणून साध्या ब्लूटूथपेक्षा कितीतरी लवकर पोचते, देवळात रेंज नसली तरी अडत नाही. कोणाकडे आयफोन असेल तर त्याला डॉक्युमेंटच पाठवा.

अजून एक, रेकॉर्ड करताना फोन पखवाजाला चिकटून ठेवू नका, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही. चार-पाच हात लांब, गाणाऱ्यांच्या समोर, सतरंजीवर घडी घातलेल्या उपरण्यावर ठेवा.