इंटेल हेक्स फाइल हाताने वाचता येणं आजही गरजेचं आहे का?

हो, यायलाच हवी. तुमचा प्रश्न असा, की एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरवर काम करताना बिन फाइल (प्रोग्रामचे नुसते बाइट) हेक्सच्या (तेच बाइट अक्षरांत लिहिलेली फाइल) जवळजवळ एक तृतीयांश असते, डिबगर प्रोग्राम थेट चिपमध्ये फ्लॅश करतो, म्हणजे उतरवतो, मग हेक्सच्या ओळींत डोकं का घालायचं? आकाराचं बरोबर आहे. १६ बाइटच्या एका ओळीला कोलन, लांबी, पत्ता, प्रकार, चेकसम (ओळ बरोबर आली का ते तपासायचा बाइट) आणि ओळ संपवणारी दोन अक्षरं धरून ४५ अक्षरं जातात. पण ती जादा अक्षरं फुकट जात नाहीत.

भोसरीत एका छोट्या कंपनीत आम्ही फाउंड्रीच्या सँड मिक्सरची कंट्रोल कार्डं बनवायचो. ८०३१ मायक्रोकंट्रोलर आणि बाहेर प्रोग्राम ठेवणारी २७६४ ईप्रॉम, म्हणजे खिडकीतून प्रकाशाने पुसता येणारी मेमरी चिप. साहेबांचा हट्ट होता की मास्टर म्हणून फ्लॉपीवर फक्त बिन ठेवायची. हेक्स म्हणजे कागदी टेपच्या काळातली गोष्ट, असं ते म्हणायचे. तेवढं खरंच आहे, इंटेलने ती १९७३ मध्ये इंटेलेक सिस्टिमवर टेपवरून प्रोग्राम चढवण्यासाठीच काढली. मी मात्र प्रत्येक रिलीजची हेक्स डॉट मॅट्रिक्सवर छापून कार्डाच्या फायलीत लावायचो. कागद वाया घालवतो म्हणून त्याबद्दल सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आहेत.

मग कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीतून कार्ड परत आलं. ईप्रॉमच्या खिडकीवरचं स्टिकर निघून गेलेलं, आतला प्रोग्राम अर्धामुर्धा पुसलेला. फ्लॉपी लावली तर सेक्टर एरर. कशीबशी निघालेली बिन हातात होती, पण तिच्यातले कुठले बाइट बिघडलेत हे कळायला मार्गच नाही. सोर्स लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि तिकडे प्लांट बंद.

मी कागद काढले. सहकारी मोठ्याने वाचायचा, मी टाइप करायचो. २७६४ पूर्ण भरली तरी ८ केबी, म्हणजे ५१२ ओळी. आमचा प्रोग्राम त्याहून लहान होता. फाइल लोड करताना प्रोग्रामरचं, म्हणजे ईप्रॉम भरायच्या यंत्राचं, सॉफ्टवेअर चुकलेली ओळ नेमकी दाखवायचं, आम्ही तेवढीच दुरुस्त करायचो. काही ठिकाणी रिबन इतकी फिकी होती की ३ आहे की ८ कळेना. तिथे ओळीची बेरीज मांडून हरवलेला आकडा काढला. ईप्रॉम भरली, कार्ड गेलं, मिक्सर चालू झाला. हे बिनमधून झालं असतं का?

बेरीज कशी, ते या ओळीत पाहा:

:०३०००००००२०४६०९७

०३ म्हणजे तीन बाइट, ०००० पत्ता, ०० म्हणजे डेटा. पुढे ०२ ०४ ६० ही ८०५१ कुटुंबातली (८०३१ त्यातलाच) ०४६० वर उडी मारायची सूचना. चेकसम सोडून सगळ्या बाइटची षोडशमान (हेक्स) पद्धतीत बेरीज ६९ येते. त्यात शेवटचे ९७ मिळवले की १००, म्हणजे खालचे दोन अंक शून्य. ओळ बरोबर.

तुमच्या एसटीएम३२ ला १६ बिटांचा पत्ता पुरत नाही, म्हणून फाइलमध्ये ०४ प्रकारची ओळ येते आणि पत्त्याचा वरचा अर्धा, ०८००, तिथे मिळतो. बिनमध्ये पत्ताच नसतो. तो कुणीतरी लक्षात ठेवायचा किंवा स्क्रिप्टमध्ये लिहायचा. एफ१०३ या एसटीएम३२ चिपच्या फ्लॅशमधल्या प्रोग्रामबरोबर ऑप्शन बाइटही (चिपची सेटिंगं) एकाच फाइलमध्ये द्यायचे असतील, तर मधली रिकामी जागा भरता भरता बिन ३८४ एमबीच्या घरात जाते. हेक्समध्ये त्याला दोन-तीन ओळी पुरतात. लहान फाइल हवी म्हणून बिन, हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. आमच्या साहेबांना हे मला तेव्हाच दाखवायचं होतं.

चेकसमवर आंधळा भरवसा मात्र ठेवू नका. दोन बाइटची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. मधली अख्खी ओळ गळाली तरी फॉरमॅट तक्रार करत नाही. टाइप करून झाल्यावर आम्ही पत्त्यांचा क्रम आणि प्रत्येक बाइट कागदाशी पुन्हा ताडून पाहिला, तो याचसाठी. आज रिलीज देताना पूर्ण फाइलचा सीआरसी-३२ (बेरजेपेक्षा कडक तपासणीचा आकडा) वेगळा नोंदवा. ओव्हर द एअर, म्हणजे वायरलेस, अपडेटला आकार महत्त्वाचा असतो, तिथे बिन खुशाल पाठवा. पण जपून ठेवायची प्रत हेक्सचीच ठेवा, वरिष्ठ काहीही म्हणोत.