दोन घरं बांधली, हातात काहीच उरलं नाही, दर वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की परभणीकडं दोन घरं मटेरियलसह, स्क्वेअर फुटाच्या दरानं बांधायला घेतली. वेळेवर दिली, मालक खूश आहेत, पण हिशेब केला तर गाडीच्या पेट्रोलाइतकंही सुटलं नाही. आता दर वाढवू की सरकारी कामाकडं वळू, असं विचारताय. मी बावीस वर्षं गुत्तेदारी, म्हणजे बांधकामाची ठेकेदारी करतोय, आधी लातूरकडं, आता नांदेडच्या बाजूला. माझीही पहिली तीन-चार घरं अशीच गेली. दर नंतर वाढवा. आधी हे सांगा, तो दर कशाकशाचा आहे हे कागदावर कुठं लिहिलंय का? बहुतेक नसेल.

आपल्याकडं पहिला खड्डा घराच्या पायाच्या कामातच पडतो. माझ्या चौथ्या घराला बारा कॉलम होते, पाच बाय पाच फुटांचे खड्डे. शेजारच्याला पाच फुटांवर मुरूम लागला होता, म्हणून मीही खोली पाचच फूट धरली. खोदायला लागलो तर सहा फूट काळी, सात फूट काळी, मग चिकट पांढरी, आणि मुरूम लागला नऊ फुटांवर. खड्ड्यामागं चार फूट जास्त म्हणजे १,२०० घनफूट, १२ ब्रास खोदाई अंगावर. ती तरी परवडली. कॉलम चार-चार फुटांनी लांबले. १६ एमएमचे सहा-सहा गज धरले तर नुसतं उभं स्टील १४० किलोच्या आसपास वाढलं, वर रिंगा आणि काँक्रीट वेगळं. खरा मार बसला भरावात. निघालेली काळी माती परत आत लोटता येत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मग घराची फरशी उचलते. सगळा भराव विकतच्या मुरमाचा करावा लागला. मालक म्हणाला, “दर तर ठरलाय ना आपला?” त्याचं काय चुकलं?

तेव्हापासून मी स्क्वेअर फुटाचा दर प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या वरचाच देतो. खालचं सगळं मोजून: खोदाई आणि मुरूम ब्रासनं, काँक्रीट घनफुटानं, स्टील किलोनं. आणि करार करायच्या आधी प्लॉटच्या कोपऱ्यात जेसीबीनं एक खड्डा घेऊन बघायचा. टेपचं एक टोक मालकाच्या हातात द्यायचं. स्वतः मोजलेले नऊ फूट माणूस नंतर नाकारत नाही.

दुसरी गळती ‘जाता जाता’ची. जाता जाता ओटा वाढवा, जिन्याखाली न्हाणी काढा, हौद फूटभर मोठा करा. एकेक काम दोन-चार हजारांचं असतं म्हणून आपण मागायला लाजतो. मी कार्बनची वही ठेवतो. काम करायच्या आधी त्यात काम आणि रक्कम लिहून मालकाची सही घेतो. तुळशी वृंदावनाचे पैसे मी कधी घेतले नाहीत, पण तेही वहीत लिहितो आणि पुढं ‘सोडले’ असं लिहितो. शेवटच्या हिशेबाला बसल्यावर त्या एका शब्दाचा फार उपयोग होतो.

हप्ते कसे बांधलेत ते तुम्ही लिहिलं नाही. नवीन माणूस ‘स्लॅब झाल्यावर’ असं लिहून देतो आणि तिथंच अडकतो, कारण स्टील, सिमेंट, सेंट्रिंग (स्लॅबखालचा प्लेटांचा साचा), मजुरी सगळं त्याच आठवड्यात लागतं. मग दुसऱ्या घराचे पैसे इकडं येतात, याची टोपी त्याच्या डोक्यावर. स्लॅबचा हप्ता सेंट्रिंग बांधून झाल्यावर, काँक्रीट टाकायच्या आधी घ्यायचा. शेवटचा हप्ता पाच टक्क्यांच्या वर ठेवू नका. रंग झाला, वास्तुशांती झाली की तो निघत नाही. प्रत्येक घराची वही वेगळी, आणि तिच्यात स्वतःचा पगार खर्च म्हणून लिहायचा. तो लिहिला की कळेल, तुमची दोन घरं बरोबरीत नव्हे, तोट्यात गेलीत.

स्टील दुकानदाराच्या नगावर घेऊ नका, काट्यावर घ्या. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ एमएमचा १२ मीटरचा गज १०.६ किलोच्या वर भरला पाहिजे. जालन्याचा माल असो की कुठला, गाडी खाली व्हायच्या आधी चार गज वेगळे तोलून बघा.

मजुरांचं तुम्हाला माहीतच आहे. बीड-परळीकडची टोळी असेल तर दसरा झाला की निम्मी माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दिवाळीनंतर स्लॅब धरायचा तर माणसं आधीच बांधून ठेवा. मजुरांची आठवड्याची खर्ची बाजाराच्या दिवशी द्या, पण झालेल्या कामाच्या आतच. पुढची उचल दिलेला सेंट्रिंगवाला मी दोनदा शोधत हिंडलोय.

पाणी आणि वीज मालकाकडं, असं करारात स्पष्ट लिहा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझी दोन कामं चार महिने बंद होती आणि सेंट्रिंगच्या प्लेटांचं भाडं चालूच होतं. कोरड्या उन्हात स्लॅबला निदान दहा दिवस पाणी लागतं. ते टँकरचं असेल तर कुणाच्या खिशातून, हे आधी ठरू द्या.

आता कराचं, कारण इथं बरेच जण फसतात. मटेरियलसह काम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, त्यावर १८ टक्के जीएसटी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते, आणि मटेरियलसह दोन घरांत ती सहज जाते. तो कर दरात धरला नसेल तर नफा सोडा, मुद्दल जाईल. मात्र स्वतंत्र एका घराचं नवं बांधकाम नुसत्या मजुरीवर घेतलं तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. तुमच्या जागी मी असतो तर पुढची दोन घरं मजुरीवर घेतली असती. मटेरियल मालक आणेल, यादी मी देईन. आकडा छोटा दिसतो, पण सिमेंटचा भाव वाढला तरी झोप लागते, आणि त्यातून शिल्लक पडली की स्वतःच्या प्लेटा घेता येतात.

सरकारी काम इतक्यात नको. मी एक शाळाखोली केली होती. काम चार महिन्यांत संपलं, शेवटचं बिल निघायला दीड वर्ष लागलं, आणि अनामत त्याच्याही नंतर. तेवढा काळ सिमेंटवाल्याची उधारी माझ्या नावावर फिरत होती. वर्षभराचा खर्च बाजूला पडला असेल तेव्हाच टेंडरचा फॉर्म भरा.