जुन्या रेसिंग कारची चासी: ब्राँझचा जोड आणि मिगचं वेल्डिंग

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. १९६२ सालच्या लोटस २२ या फॉर्म्युला ज्युनिअर (त्या काळचा छोट्या रेसिंग गाड्यांचा वर्ग) गाडीची चासी, म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, घेतली आहे. रंग काढल्यावर मागच्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटजवळ दोन जोडांत केसाएवढी भेग दिसली. ओळखीचा वेल्डर म्हणतो, मिगने (विजेच्या आर्कने तार वितळवणारं वेल्डिंग) दहा मिनिटांत भरून देतो. करून घेऊ का?

उत्तर: नको. आधी जोडावरून बारीक कानस फिरवून पाहा. खाली पिवळसर, सोनेरी धातू लागेल. त्या काळच्या लोटसच्या नळ्या वितळवून एकजीव केलेल्या नाहीत. गॅसच्या ज्योतीने ब्राँझ वितळवून तो सांध्याभोवती बसवला आहे. ब्राँझ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पोलाद १५०० च्या आसपास. या जोडावर मिगचा आर्क पडला की ब्राँझ उकळतो, पांढरा धूर निघतो आणि टाका फुटक्या बुडबुड्यांसारखा दिसतो. खरं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. ब्राँझमधलं वितळलेलं तांबं तापलेल्या पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि नळी ठिसूळ होते. मग टाका शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारी नळीच तडकते. कधी गार होतानाच, कधी ट्रॅकवर पहिले धक्के बसल्यावर. टिग या दुसऱ्या आर्क वेल्डिंगनेही हेच होतं.

भेग ब्राँझमध्येच आहे की नळीत उतरली आहे, हे आधी ठरवा. जोड थिनरने धुऊन कोरडा करा, लाल डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा पातळ रंग) मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, फडक्याने पुसा आणि तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. ही तपासणी ब्लास्टिंगच्या (वाळू किंवा धातूच्या गोळ्या जोरात मारून केलेल्या सफाईच्या) आधी करा, कारण जाड शॉटचा, म्हणजे गोळ्यांचा, मारा पोलादाची कातडी ठोकून भेगेचं तोंड मिटवतो. शिवाय रिव्हेटच्या भोकांतून वाळू नळ्यांत जाते ती वेगळीच.

रेघ ब्राँझपुरतीच असेल तर तो जोड पुन्हा ब्राँझनेच करायचा. जुना ब्राँझ कानशीने काढा. दोन्ही नळ्या जोडापासून २५ मिमीपर्यंत चकचकीत करा. टाकणखाराचा फ्लक्स (धातू स्वच्छ ठेवणारा लेप) लावा, ज्योत न्यूट्रल (गॅस आणि ऑक्सिजन समतोल) किंवा किंचित जास्त ऑक्सिजनची ठेवा. नळी मंद लाल झाली की सळई तिला टेकवा. सळई नळीच्या उष्णतेने वितळली पाहिजे, ज्योतीने नाही. ज्योतीने वितळलेला ब्राँझ नुसता वर बसतो, धरत नाही. एक गोष्ट बरेच कारागीर विसरतात: ब्राँझ पातळ असताना नळीवर ताण नको. जिगमध्ये (नळ्या जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात) जबरदस्तीने खेचून बसवलेली नळी त्याच क्षणी तडकू शकते. गार हवेतच होऊ द्या, पाणी ओतू नका. नंतर काचेसारखा बसलेला फ्लक्स गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने काढा. तो राहिला तर रंगाखाली गंज धरतो.

रेघ नळीत गेली असेल तर तेवढी नळी बदला. अल्ट्रासोनिक गेजने जाडीही बघा. १८ गेजची भिंत नवी असताना सुमारे १.२ मिमी असते. ती कुठेही १ मिमीच्या खाली गेली असेल तर आम्ही ती नळी ठेवणार नाही. एका वेळी एकच नळी कापा आणि चासी जिगला बांधलेली असतानाच कापा. दोन शेजारच्या नळ्या एकदम काढल्या की उरलेला सांगाडा स्वतःच्या वजनाने आणि जुन्या ताणाने सरकतो. काढलेले तुकडे फेकू नका, लेबल लावून ठेवा आणि फोटो काढा. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्टसाठी (जुन्या रेसिंग गाडीचं ओळखपत्र) आणि उद्या गाडी विकताना कोणती नळी मूळची हे दाखवता आलं पाहिजे. या गाडीची ओळख त्या नळ्यांतच आहे.

प्रश्न: त्याच काळातल्या माझ्या चासीच्या दोन लांब नळ्यांतून रेडिएटरचं पाणी फिरतं. गंज आतून कसा थांबवू?

उत्तर: त्या नळ्यांत मेण किंवा तेल ओतू नका, रेडिएटर चोंदेल. दोन्ही तोंडं बंद करून १ बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला नाही तर आत बारीक साखळी हलवून आणि उलट्या दिशेने पाणी सोडून सुटा गंज काढा, पुढे गंजरोधक कूलंटच वापरा. गळती असेल तर पाणी वेगळ्या ॲल्युमिनियमच्या नळीतून न्यावं असं आमचं मत आहे. तसा बदल कागदावर नोंदवा. तेल वाहणाऱ्या नळीबाबत तर हा बदल आधीच करा. आतली गंजाची एक पापडी सुटली की इंजिनाचं बेअरिंग गेलं म्हणून समजा. बाकीच्या कोरड्या नळ्यांत ३ मिमीच्या भोकातून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) सोडा, चासी चारी बाजूंनी उलटी-सुलटी करा, निथळू द्या आणि भोक रिव्हेटने बंद करा.

प्रश्न: कोल्हापूरला जुन्या फॉर्म्युला मारुतीची चासी मिळाली. गॅरेजवाले म्हणतात, ॲसिडमध्ये बुडवून पावडर कोटिंग (रंगाची पूड भट्टीत भाजून दिलेला थर) करू.

उत्तर: १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनावर बांधलेल्या या गाड्या आज जपण्याजोग्या आहेत, म्हणून घाई नको. ॲसिड भोकांतून नळ्यांत शिरतं, धुऊन निघत नाही आणि काही महिन्यांनी तपकिरी पाणी होऊन बाहेर येतं. पावडरचा थर जाड आणि लवचिक असतो, त्याच्याखाली भेग चालत राहते आणि वरून काहीच कळत नाही. एपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात आणि वर फिकट राखाडी रंग द्या. राखाडीवर गंजाची रेघ लगेच दिसते.

रंगाआधी सरळपणा बघा. पाणसळीने सपाट केलेल्या फरशीवर चासी ठेवा. सस्पेन्शनच्या प्रत्येक ब्रॅकेटच्या भोकातून ओळंबा सोडून खाली खूण करा आणि दोन्ही कर्ण मोजा. २-३ मिमीचा फरक चालतो. ५ च्या वर गेला तर पुढच्या विशबोनची (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांची) जागा नक्की तपासा, कर्बचा (ट्रॅकच्या उंच कडेचा) मार तिथेच बसतो. जोडांवरही कानस फिरवून बघा. पिवळं निघालं तर वरचं सगळं लागू. पोलादच निघालं, तर टिग बिनधास्त वापरा.