उत्प्रेरक, पूरक आणि परीस

प्रश्न असा आहे: 'निकृष्ट कोळशापासून द्रव इंधन' अशा मथळ्याच्या लेखात लोह आणि गंधक या दोघांनाही 'उत्प्रेरक' म्हटलंय. कॅटॅलिस्ट (स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग बदलणारा पदार्थ) आणि ॲडिटिव्ह (वरून घातलेला जोडपदार्थ) या दोन्हींना मराठीत एकच शब्द चालेल का?

चालणार नाही. 'उत्प्रेरक'चे आधीच जे हाल चाललेत ते पुरे आहेत. मंत्र्यांचं भाषण विकासाला उत्प्रेरक, अवकाळी पाऊस कांद्याच्या भावाला उत्प्रेरक. कारण, निमित्त, चालना, हातभार हे शब्द काय संपावर गेलेत?

अर्थात दोष निम्मा शब्द घडवणाऱ्यांचाही आहे. उत् अधिक प्र अधिक ईर्. ईर् म्हणजे हलवणं, गती देणं. प्रेरणा त्यातूनच आली, समीर म्हणजे वाराही त्यातूनच. तेव्हा उत्प्रेरक म्हणजे ढकलणारा. आता कुणीही कशालाही ढकललं की हा शब्द लावणार, त्यात नवल काय? स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसनं १८३५ मध्ये 'कॅटॅलिसिस' हा शब्द बांधला तो ग्रीकमधल्या सैल करणं, सोडवणं या अर्थाच्या धातूवरून, 'ॲनॅलिसिस'चा जोडीदार म्हणून. ढकलाढकलीचा त्यात मागमूस नाही.

पण खरी गंमत त्याच्या आदल्या वर्षीची. १८३४ मध्ये जर्मन रसायनज्ञ मिचरलिश याच प्रकाराला 'कॉन्टाक्ट' म्हणत होता, म्हणजे स्पर्श. ग्रंथांत बर्झेलियस जिंकला, जर्मन कारखान्यांत मात्र स्पर्श टिकला. कोळशाच्या तेलाच्या वाफेवर हायड्रोजनची क्रिया घडवणाऱ्या टंगस्टन सल्फाइडला तिथे 'कॉन्टाक्ट ५०५८' म्हणत.

आणि मराठीत स्पर्शाचं काय होतं? संस्कृत स्पर्श, प्राकृत फरिस, मराठी परीस! नुसत्या स्पर्शानं पालट घडवणारा आणि स्वतः न झिजणारा, म्हणजे कॅटॅलिस्टची व्याख्याच. शब्द घरात असताना आम्ही तीन मजली संस्कृत बांधकाम काढलं. परीस हा 'पारस'वरून, म्हणजे इराणातून आला असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी आधी प्राकृत व्याकरण उघडावं. परीस अशक्य ते करतो आणि उत्प्रेरक फक्त शक्य क्रियेचा वेग बदलतो, असा आक्षेप मी ऐकलेला आहे. मान्य. पण ढकलल्यानं तरी अशक्य ते कुठे घडतं? काही विज्ञानशिक्षक 'विरजण' सुचवतात, तेही नको. विरजण दुधात वाढतं, आजचं दही उद्याचं विरजण होतं. उत्प्रेरकाची अशी पैदास होत नाही.

आता त्या लेखातल्या लोहाकडे, म्हणजे कोळशाचं तेल कसं होतं त्याकडे. जर्मन रसायनज्ञ बेर्गियसनं कोळशावर दाबाखाली हायड्रोजन सोडण्याच्या पद्धतीचं पेटंट १९१३ मध्ये घेतलं आणि १९३१ चं रसायनशास्त्राचं नोबेल बॉशबरोबर वाटून घेतलं. जर्मनीतल्या लॉयनाचा कारखाना १९२७ मध्ये लिग्नाइटवरच, म्हणजे जमिनीत कमी मुरलेल्या कोळशावरच, सुरू झाला. कोळसा वाळवायचा, दळायचा, तेलात कालवून त्याचा लगदा करायचा आणि साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसला, दोनशे वातावरणांच्या किंवा त्याहून जास्त दाबाखाली हायड्रोजन द्यायचा. एवढ्या उष्णतेनं कोळशाचे मोठे रेणू आपोआप तुटतात. तुटलेल्या टोकांना वेळेवर हायड्रोजन मिळाला तर तेल, नाही मिळाला तर ती पुन्हा एकमेकांना चिकटून कोक, म्हणजे घट्ट कार्बन. हायड्रोजन वेळेवर मिळवून देणं हे उत्प्रेरकाचं काम. त्यासाठी मॉलिब्डेनम उत्तम पण महाग, म्हणून जर्मनांनी 'बायरमासे' वापरलं. बॉक्साइट या खनिजातून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) काढल्यावर उरणारा हा लोहयुक्त तांबडा चिखल. (हा बायर ॲल्युमिनावाला, औषधवाला नव्हे.) संतांचा परीस लोखंडाचं सोनं करायचा, इथे लोखंडच परीस होऊन बसलंय. हा परीस रासायनिक अर्थानं खर्ची पडत नाही, पण राखेबरोबर गाळात जातो आणि फेकला जातो.

गंधकाचं राहिलंच. लोहाचं ऑक्साइड स्वतः फारसं कामाचं नसतं. गंधक मिळाला की त्याचं पायरोटाइट हे सल्फाइड होतं आणि मग ते कामाला लागतं. म्हणजे गंधक उत्प्रेरक नव्हे, उत्प्रेरकाला घडवणारा. त्याला 'पूरक' म्हणा, नाहीतर सरळ ॲडिटिव्ह म्हणा, कुणी मरत नाही. टेट्रालिनसारखं द्रावक स्वतःचा हायड्रोजन देऊन नॅफ्थलीन होऊन बसतं, त्याला तर उत्प्रेरक मुळीच म्हणू नये. तो हायड्रोजनदाता.

मला खरी चीड आली ती मथळ्यातल्या 'निकृष्ट'ची, आणि त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. कोळशाची रँक म्हणजे तो जमिनीत किती मुरला ते. प्रत ठरते राख आणि उष्मांक यांवरून. ऑस्ट्रेलियातल्या लॅट्रोब खोऱ्यातला लिग्नाइट रँकनं तळाचा, त्यात साठ टक्क्यांच्या वर पाणी, पण राख जेमतेम दोन-चार टक्के. जपान्यांनी तिथे मॉरवेलला १९८० च्या दशकात रोज ५० टन कोरड्या कोळशाचा प्रायोगिक कारखाना चालवला. उलट आपला दगडी कोळसा बहुतेक रँकनं कितीतरी वरचा, आणि राख तीस-चाळीस टक्के. आता सांगा, निकृष्ट कोण? शिवाय द्रवीकरणाला कमी मुरलेला कोळसाच सोयीचा, तो लवकर तुटतो. सर्वांत वरच्या रँकचा अँथ्रासाइट या कामाला जवळजवळ कुचकामी. लिग्नाइट हे नावच लॅटिनमधल्या लाकडावरून आलंय, तेव्हा मी 'कोवळा कोळसा' लिहितो. कोशवाल्यांना तो पसंत नसेल तर त्यांनी दुसरा शब्द द्यावा, फक्त त्यात 'उत्', 'प्र' किंवा 'नि' नको.